बारा अक्षरं

रॉयल टॉकीज पाडली तेव्हा विट्यात कुणी रडलं नाही.
खुर्च्या गेल्या, पत्रे गेले,
पडदा कुणी मळणीला अंथरला म्हणे.
कपाळावरची इंग्रजी अक्षरं
दिलावर पिंजाऱ्यानं तराजूत टाकली, चौदा किलो भरली.
मी भंगाराच्या भावात उचलली.
सतरा वर्षं दुकानाला बोर्ड नव्हता.

रात्री कटिंगच्या टेबलावर मांडली.
आर ओ वाय ए एल.
टी ए एल के आय ई एस.
एल म्हणजे माझा गुण्याच,
एस मुंढ्याचा गोल,
ई मोडका कंगवा, वाय बेचकी,
के एका पायात गंजलेला.
ए दोन, एल दोन. बाकी सगळी एकेकटी.

केतकी दहावीला. वहीच्या मागल्या पानावर
तिचा हाच उद्योग,
मोठ्या शब्दाच्या पोटातून लहान शब्द काढायचे.
आपण नाही का, सव्वादोन मीटरमधून
आधी पाठ, मग बाह्या,
उरल्यात बसवून कॉलर काढत, तसं.
जेवढी अक्षरं तेवढ्यातच. उसनं आणायचं नाही.
"आप्पा, टेलर निघतोय! एस लावला तर टेलर्स!
आणि उरल्यात..."
तिनं तोंडावर हात ठेवला.
उरल्यात लीकी.
गळके टेलर्स.
आम्ही इतके हसलो की
चिंध्यांत निजलेलं मांजर उठून गेलं.

मग जालिंदर आला,
कोइमतूरचं गलाईचं दुकान गुंडाळून,
बोटांवर ॲसिडचे डाग घेऊन.
बारा वर्षं लोकांचं सोनं वितळवलं,
आता शेजारच्या गाळ्यात साड्या टाकतो म्हणाला.
टेबलावर वाकून बघत राहिला बराच वेळ.
"दादा, ह्यात सिल्क आहे."

होतं खरं.
एस. आय. एल. के.
एल दोन, तेव्हा त्यावरून तंटा नव्हता.
अडलं ते आयवर.
टेलरलाही आय लागते, सिल्कलाही लागते,
आणि आय एकच.

हे मी बोललो
आणि आम्ही दोघंही टेबलाच्या कडेकडं बघत राहिलो.
महिना माझ्याकडं, महिना त्याच्याकडं,
असं गेल्याच सोमवारी ठरवलं होतं आम्ही.
तिला विचारायचं राहिलं होतं.

पिठाच्या हातानं तीच बाहेर आली.
"कसली वाटणी चाललीया?"
आम्ही सांगितलं. थोडं सांगितलं.
तिनं नेमकं तेच अक्षर उचललं,
उलटसुलट करून बघितलं. दोन्हीकडून सारखंच.
"ही तर नुसती उभी काठी. धाकट्याला दे.
थोरल्याचं भागतंय."

बोर्ड लागला.
टी ए, मग चार बोटं मोकळी भिंत, मग एल ओ आर.
सहा महिने झाले, कुणी विचारलं नाही
मधलं काय झालं म्हणून.
पतसंस्थेचे मॅनेजर एकदा मान वाकडी करून थांबले,
मला वाटलं, आता विचारणार.
त्यांनी प्यांट अर्धा इंच खाली सोडायला सांगितली.
गिऱ्हाईक वाचता वाचता
मनातल्या मनात आपापली आय घालून घेत असावं.

शेवटी तीन उरली. ए, वाय, ई.
शिलाई मशिनखाली पडून होती दिवाळीपर्यंत.
परवा केर काढताना केतकीनं ओळीत ठेवली,
डिक्शनरी उघडली.
"आप्पा, हाही शब्द आहे!
जुना. जहाजावरची माणसं म्हणतात,
हुकूम मिळाला की. म्हणजे, हो."
"वाचायचा कसा?"

ती पानावर बोट ठेवून थांबली.
मग माझ्याकडं बघत
खणखणीत आवाजात वाचला.

हा महिना जालिंदरचा.
भिंतीपलीकडून लगेच आवाज आला,
"ओ! आले, आले. काय गं?"