अर्धी पेनी

शनिवारी दुपारी कॅम्पातून दमयंती बोंगाळे आली,
खडेबाजारातल्या माझ्या घड्याळांच्या टेबलावर
रुमालाची गाठ सोडली.
"हे किती जाईल ओ?"

डोळ्याला भिंग लावलं.
ब्रिटिश अर्धी पेनी, साल बेचाळीस.
ढिगानं पाडलेली.
एका अंगाला राजा, नाक गेलेलं, कान शाबूत.
दुसऱ्या अंगाला जहाज,
शिडं अजून फुगलेली, खालचं पाणी मात्र झिजून सपाट.
आणि झळझळीत. नको तेवढं.

"चिंच लावता?"
"दर खंडेनवमीला. मशीनबरोबर."

कसं सांगू बाईला,
आमच्यात मळालाच मोल असतं.
तपकिरी साय धरायला पन्नास वर्षं लागतात,
चिंचेला एक सकाळ.

"तीस रुपये. तेही तुम्ही म्हणून."

ती हसली.
बाबा पलटणीचे शिंपी.
कुणी गोरा सार्जंट दोन विजारींच्या शिलाईत
हे एवढं टेकवून बोटीवर चढला.
इथं त्यावर चहाही येईना.
मग बाबांनी नाण्यालाच कामाला लावलं,
आडवं मोजलं तर बरोबर एक इंच.
विजारीची दुमड, परकराची पट्टी,
आणि झबल्याचा घेर:
नाणं ठेवायचं, खडू अर्धाच फिरवायचा,
सरकवायचं, पुन्हा अर्धाच.
काठाला कोरींची रांग.
वडगावच्या, शहापूरच्या, पार कित्तूरकडच्या बाळंतिणी
त्या झबल्यासाठी यायच्या,
कुणी कानडीत घासाघीस करायची, कुणी मराठीत.
"खडू पहिल्या धुण्यात जातो ओ.
टाका राहतो."

पुन्हा भिंग लावलं.
राजाच्या मानेखाली, खाचेत,
पांढरा कण.
टाचणी उचलली होती काढायला.
ठेवून दिली.

"विकायचं कुठाय," ती म्हणाली,
"मुलगा म्हणतोय लाखाला जातंय.
त्याला सांगायला आकडा पाहिजे होता."

नाणं पुन्हा गाठीत गेलं.
मी सवयीनं वही उघडली. वजन, साल,
प्रत: अती झिजलेली, धुतलेली.
शेरा... तिथं पेन थांबलं,
मग लिहिलं, वापरात.

ती पायरीवरून मागं वळली,
माझ्या कॉलरकडं बघत:
"उसवलीय. टाकून जावा उद्या.
अर्ध्या इंचाचं काम आहे."