सातव्या पट्ट्याची मोजणी

भांडुपच्या पंपिंगवर रात्रपाळी असली की
मुंबई मला फक्त पातळीवरून कळते.
मालिका संपल्या की विहिरीतलं पाणी वीतभर चढतं,
दोननंतर नुसतं पडून राहतं,
पावणेसहाला पहिली आंघोळ येते आणि काटा हलतो.
रजिस्टरात आकडा, पुढे सही:
र. गो. कोंडविलकर.

सातला फाटकाबाहेर येते
तेव्हा अंगाला येणारा वास मला येत नाही,
इतरांना येतो.
एका अंगाला मिठागरं, दुसरीकडे तिवरं,
मधे रविवारच्या गाड्या,
तिपायांवर दुर्बिणी, आणि कुजबुज,
कुणाच्या तरी घरी लहान मूल नुकतंच झोपलंय अशी.

आज मोजणी होती.
पेरीनबाई, सत्तरीच्या, पायात गमबूट,
म्हणाल्या, "तू रोज असते ना इथे?
सातव्या पट्ट्याचा माणूस आला नाय."
गळ्यात दुर्बीण अडकवली, एका डोळ्याने धुकट,
हातात तक्ता, सुतळीला बांधलेली पेन्सिल.
"नावं येतात?"
म्हटलं, माझी माझी आहेत.
धावतो, थांबतो, परत धावतो, तो
साहेब आल्यावरचा शिपाई.
डबक्याकाठी मान आत घेऊन उभा, तो वॉचमन.
लांब गुलाबी काड्यांवर चालतात ते
भाड्याच्या पायांचे.
त्या हसल्या. तक्त्यावर बोट ठेवलं:
चिखल्या. वंचक. शेकाट्या.
"तू फक्त शेकाटे मोज."

बांधावर हसुराम गळ टाकून बसलेला,
रंगाच्या डब्यात दोन काळुंदर,
एक अजून शेपटी आपटतंय.
"मोजलंस तं काय जास्ती व्हतील?"
मी उत्तर दिलं नाही. सहावा सुटला असता.

ओहोटी लागली होती. चिखल
ताज्या सारवणासारखा चकाकत होता,
त्यावर निवट्यांच्या उड्या.
आठ. नऊ. दहा.
अकरा वर्षं मी यांना एकगठ्ठा बघत आले,
भिंतीवरच्या रंगासारखं.
मोजायला लागल्यावर एकेकाकडे बघावं लागलं.
सतरावा लंगडत होता.
तेविसाव्याची पाठ अजून तपकिरी,
म्हणजे पिल्लूच, याच साली जन्मलेलं.
तिसावा आणि एकतिसावा एकमेकांच्या इतके जवळ
की मी एकतीसवर थोडी थांबले.
एक्केचाळीस

आणि कुठूनसा दलदली हारिण आला,
पंख सपाट, घाई नसल्यासारखा,
आणि अख्खा चिखल उठला.
गुलाबी काड्या मागे लोंबत,
किक् किक् किक्,
माझे मोजलेले, न मोजलेले, लंगडा, पिल्लू,
सगळे एकाच ओरडण्यात.
फिरले, वळले,
अर्धे सहाव्या पट्ट्यात उतरले, बाकी तिवरांपलीकडे.
खाली नुसत्या पावलांच्या फुल्या.

"अंदाजे लिही," पेरीनबाई म्हणाल्या, "सगळे तसंच करतात."
मला अंदाजे लिहिता येत नाही.
विहिरीतलं पाणी कधी उडून गेलं नाही,
त्यामुळे सवय नाही.
लिहिलं: एक्केचाळीस.
शेवटचा रकाना होता शेऱ्याचा.
तिथे लिहिलं: त्यानंतर उडाले.
आणि सवयीने सही.

हसुरामने एक काळुंदर दिलं,
उरलेल्या कोऱ्या तक्त्यात गुंडाळून.
बसमध्ये शेजारची बाई सरकून बसली.
वास माशाचा की माझा, तिलाही ठरवता आलं नसावं.
मी पिशवी मांडीवर घट्ट धरली
आणि खिडकीतून
तारेवरचे कावळे मोजत गेले, कांजूरपर्यंत.

घरी पोचून दोन बादल्या डोक्यावर ओतल्या.
चिखलाचं एक बोट मोरीच्या जाळीवर फिरलं, खाली गेलं.
दुपारपर्यंत पोचेल.
दिवसपाळीला परुळेकर आहे,
त्याच्या काट्यावर
माझं काही दिसायचं नाही.