बिनभट्टीची पट्टी

कुपवाडला, वजनकाट्याच्या पलीकडं, शेवटची शेड आमची.
मार्चात शिशाची भट्टी बंद केली
आणि त्या रात्री पहिल्यांदा
सगळ्यांनी गार डबे खाल्ले.

भट्टीच्या झाकणावर अकरा डबे मावायचे.
भूपाल मगदूम ते चिमट्यानं फिरवायचा,
कुणाचा झुणका, कुणाची अंबाडी,
वासावरनं नाव सांगायचा.
स्वतः दिवस मावळला की पाण्यालाही शिवत नसे,
पण दुसऱ्याच्या कालवणाला कढ आलेला त्याला कळायचा.
दर सहा महिन्यांनी त्याचं रक्त मिरजेला जायचं,
शिसं किती मुरलंय बघायला.
आलेला कागद तो वाचत नसे,
चार घड्या करून हातमोज्यात ठेवायचा.

"विस्तवाबिगर पोलाद कडक होतंय व्हय, मुल्लाबाई?
कच्च्या पिठाची भाकरी खाईल का कोण?"

मी टेस्टिंगच्या खोलीतली. मी त्याला सांगितलं:
कॉइल येते तेव्हाच तिच्यात मँगनीज थोडं जास्त,
नायोबियम तर हिंगाएवढं.
पुढचं सगळं रोलांचं.
दोन मिलिमीटरची पट्टी गारच दाबायची,
परत दाबायची, पाच खेपा,
पाऊण मिलिमीटरच्या जरा वर येईपर्यंत.
आतले कण लांबतात, एकमेकांत गुंततात,
कुणाला सरकायला वाव राहत नाही.
तो म्हणाला, "आमच्या चाळीगत."

आणि पहिली पट्टी काचेसारखी तुटली.
मशीनच्या जबड्यात धरली, काटा चढला, चढला,
खाट्.
दुसरीही. तिसरीचा तुकडा उडून
माझ्या टेबलावरच्या चहाच्या ग्लासात पडला.

पट्टी नुसती कडक असून भागत नाही.
गठ्ठ्याच्या कोपऱ्यावर ती वळली पाहिजे,
सीलखाली चेपली पाहिजे,
पेठनाक्याच्या खड्ड्यात ट्रक आदळला
तर तुटण्याआधी शेकडा पाच तरी लांबली पाहिजे.
दस्तगीरनं रोलांचा दाब कमी केला, मग वाढवला.
साहेबांनी पुण्याला फोन लावला.
तीन आठवडे वहीत माझ्या अक्षरात एकच शब्द.

भूपालला तोवर झाडायला लावलं होतं.
केर काढता काढता त्यानं तुटका तुकडा उचलला,
कडेवरनं अंगठ्याचं नख फिरवलं,
सावकाश, चादरीचा काठ बघावा तसं.
"हितं दात हाय."
परत फिरवलं. "आणि हितं."
बावीस वर्षं शिशाच्या वाफेत काढलेलं ते नख,
निम्मं काळं.
भिंगाखाली ठेवलं तर खरंच:
पट्टी चिरणाऱ्या चकत्या बोथट झालेल्या,
कडेला बारीक करवत उमटलेली,
प्रत्येक चीर तिथनंच सुरू.

चकत्यांना धार लावली, कडा घासून गोल केल्या.
मंगळवारी, पावणेदहाला, काटा नव्वदच्या पुढं गेला,
चौरस मिलिमीटरला नव्वद किलो,
आणि पट्टी थांबली नाही, जरा लांबली,
आळस दिल्यासारखी,
मग गेली.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दस्तगीर बिडीला बाहेर गेला.

भूपाल तेवढा रोलांपाशी उभा.
गुंडाळीवर त्यानं पालथा हात ठेवला
आणि झटकन मागं घेतला.
"ऊन हाय की ओ ही!"
म्हटलं, दाबली की तापते ती. तिचीच ऊब.
"तिचीच," तो म्हणाला,
आणि बराच वेळ काहीच बोलला नाही.

दुसऱ्या रात्री बघते तर
ताज्या गुंडाळीवर ओळीनं चार डबे,
खाली पेपर घातलेला, तरी तेलात भिजलेला.
कढ येत नाही त्यानं, नुसतं कोमट होतं.
झुणका खाताना दस्तगीर म्हणाला, मशीनचा वास येतोय.
खाल्ला मात्र सगळा.

सकाळी त्या गुंडाळीवर डब्याच्या बुडाचा
गोल डाग होता, स्पष्ट.
वहीत डागाचा रकाना असतो.
मी पेनाचं टोपण काढलं,
मग भूपालच्या खराट्याचा आवाज ऐकत बसले
आणि लिहिलं: किरकोळ.