खुंटी

देगलूरच्या शाळेत पहिल्या दिवशी
पिशवी अडकवली भिंतीवरच्या एका खुंटीला.
शिवलिंग पांचाळ म्हणाले, बसा.

महिनाभर नुसती पटाशीला धार.
दगड, पाणी, अंगठ्याचं कातडं.
अठ्ठावन्न वर्षांचा मी, कोषागारातून निवृत्त,
शेजारी सातवीतली तबस्सुम.
तिची धार केस कापायची,
माझी लोणीसुद्धा नाही.

मग शिवणीचा ठोकळा मिळाला. काढा पोपट.
रेषेच्या उलट गेलो, चोच उडाली.
"होला करा की. त्येची चोच ल्हान असती."
पंख फुटला.
"मंग आंबा."
आंब्यात आतून गाठ निघाली.
गुरुजींनी ठोकळा कानाशी धरून वाजवला,
बाजारात कलिंगड वाजवतात तसा.
"आता खुंटीच."

खुंटी जमली.
तबस्सुमनं ती भिंतीत ठोकून दिली,
स्वतःच्या खुंटीशेजारी, काही न बोलता.

तेव्हा दिसलं,
जुन्या खुंट्यांतल्या एकीला अजून अर्धा डोळा आहे,
एकीला पिसांच्या चार रेघा,
आणि सगळ्यांत काळी पडलेली, तुपकट,
तिच्या बुडाशी कोरलंय : शि. पां.

माझी पिशवी इतके दिवस
त्यांच्या पोपटावर लटकत होती.