आर्टिकल बावीस

फहाहीलमध्ये रात्री अकराला
रिफायनरीची ज्योत स्वयंपाकघराच्या काचेत उभी राहते.
यशोधन नाइट शिफ्टला.
ओटा पुसून मी सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत शिरते,
एमएच्या तिसऱ्या पेपरसाठी, चाळिशीच्या चष्म्यानिशी.

स्पेलिंगं अशी, जणू चालत्या बैलगाडीत बसून लिहिलीत.
मोठ्याने वाचलं तरच कळतात.
भिंतीपलीकडे लिसम्मा सिस्टर खोकते.
मी आवाज उतरवते.

लग्नाआधी ती नुसती डोळे:
करडे, आणि त्यांच्यापायी कुणी सरदार अंथरुणाला खिळलेला.
लग्नानंतर ती नुसती जीभ.
मधे, चर्चच्या दारात,
तिला बाकीचं अंग असणार,
पण नेमकी तिथेच कवीची शाई सुकते.

कवी तरी कोण? बरेचसे मठातले,
वासराच्या कातड्यावर रेघा मारून
बायको कशी असते ते सांगणारे.
आमचे गणूमामा असेच. जन्माचे सडेफटिंग,
आणि प्रत्येक मांडवात नवरीला उपदेश.

एकीला मात्र बोलू दिलंय.
मिठाच्या व्यापाऱ्याची बायको. नाव नाही.
म्हणते, किल्ल्या माझ्या कमरेला,
काळा-निळा वळ माझ्या कमरेला,
आणि कोठार
इथे पान उंदरांनी खाल्लंय.
तळटीप: सात ओळी गहाळ.

'हा स्त्रीचा आवाज,' सर झूमवर म्हणाले.
मी माइक चालू केला.
मग बंद केला.

माझ्या व्हिसावर आर्टिकल बावीस:
नवऱ्याच्या आधाराने राहणारी.
नाव शर्वाणी. ते यशोधनने
ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलं होतं,
अक्षर सुरेख त्याचं.
दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात झाला.
मीच वाढला.

मंडळाच्या हळदीकुंकवाला आम्ही चाळीसजणी
ओळीने यमकं जुळवतो.
माझ्या उखाण्यात समुद्र आहे, खजूर आहे, तो आहे.
दरवर्षी टाळ्या पडतात.

पहाटे दार वाजतं. बुटांना सल्फरचा वास.
'काय वाचतेस?'
'एकीचं गाऱ्हाणं.'
'मग? पुढे काय झालं तिचं?'
'उंदरांनी खाल्लं.'
तो हसतो, स्वतःच चहाचं आधण ठेवतो,
माझ्या कपात आलं जास्त.
हे उत्तरपत्रिकेत कुठल्या प्रश्नाखाली लिहायचं?

समासात पेन्सिलीने सात रेघा आखते.
पहिलीवर माहेरचं नाव लिहून बघते, इंग्रजीत.
स्पेलिंग चुकल्यासारखं वाटतं.
मोठ्याने वाचते.