अकरा पानांची झेरॉक्स

सिव्हिल लाइन्सला, कोर्टाच्या फाटकासमोर माझं दुकान.
दोन मशिनी, एक कूलर, एक मोडका स्टूल.
लोकांनी एकमेकांना दिलेले शब्द मी
दीड रुपयाला एक पान या दराने दुप्पट करते.

अनोमचा करार आला तो मे महिन्यात, दुपारी,
मशीन आधीच तापलेलं.
अकरा पानं, आणि प्रत्येकाच्या तळाशी माझ्या भावाची सही:
अनोमदर्शी गजभिये.
नाव एवढं लांब की चौकटीबाहेर सांडलेलं.
लिलावातल्या माणसाला ते उच्चारताच आलं नव्हतं,
त्याने नुसता आकडा वाचला.

सातव्या पानावर होतं:
संघ केव्हाही, कारण न देता.
आणि लगेच खालच्या ओळीत: खेळाडूस ही मुभा नाही.
मी पुन्हा वाचलं.
‘ताई, वाचून काय राह्यल्या, काढा न लवकर,’
मागचा वकील म्हणाला.

पिवळी जर्सी घालून तो इंदोऱ्याच्या चौकात
तर्री-पोह्याच्या गाडीवर उभा राहिला, मुद्दाम, दोन तास.
मग पहिल्याच सरावात गुडघा गेला.

धंतोलीच्या हॉस्पिटलात मॅनेजर आला, मेहरोत्रा,
विमानाने, आणि हातात काय, तर संत्री!
नागपुरात. प्लास्टिकच्या जाळीत बांधलेली.
आई हसली नाही. सोलून एकेक फोड सगळ्यांना दिली.
बिल संघाने भरलं, सगळं.
जाताना मेहरोत्राने अनोमच्या प्लास्टरवर हात ठेवला,
‘तू हमारा बच्चा है.’
माझ्या भावाने ते वाक्य
पाढ्यासारखं पाठ केलं.

पुढचे दोन हंगाम बाकावर.
टीव्हीत तो आम्हाला फक्त पाण्याच्या बाटल्या नेताना दिसायचा,
आई तेवढ्यापुरता आवाज वाढवायची.

तिसऱ्या उन्हाळ्यात निळ्यांचा फोन आला.
दुप्पट पैसे. पहिला गोलकीपर.
पिवळ्यांचा हक्क जूनअखेरपर्यंत आहे, तर
सही एक तारखेला कर, आत्ता नुसतं तोंडी हो म्हण,
कोणाला कळते?

अनोम म्हणाला, मला कळते न.

खलाशी लाइनची पोरं त्याच्यावर चिडली:
‘पागल हाय का बे? त्यांनी उद्या हाकललं तर
सांगून हाकलतीन का?’
विल्फ्रेड सर पट्टी गुंडाळत होते स्टिकला,
मान वर न करता म्हणाले,
इमान माणसाशी असतं बेटा, कंपनीशी हिशोब असतो.
मग बराच वेळ गुंडाळत राहिले,
स्वतःला पटलं नसल्यासारखे.

‘माणसाशीच तर आहे,’ अनोम म्हणाला.
‘मेहरोत्रा साहेब आले होते न.’

अठ्ठावीस जूनला रात्री गच्चीवर होतो,
फरशी अजून चटके देत होती.
पुन्हा निळ्यांचा फोन.
या वेळी आवाज ओळखीचा.
‘बच्चे, मैं इधर आ गया हूँ. पंद्रह दिन हुए.
तू भी आ जा.’

अनोमने फोन उशीखाली ठेवला,
जसं काही तो रडतो आहे आणि त्याला झोपवायचं आहे.
बऱ्याच वेळाने विचारलं,
‘मंग मी एवढे दिवस कोणाचा होतो गं?’
मला काय ठाऊक. माझ्याकडे टोनर असतो.

सकाळी तो मैदानावर गेला.
इंदोऱ्याचं एक अकरा वर्षांचं पोरगं, कांबळ्यांचं,
त्याला स्वतःचे पॅड बांधत होता.
पॅड पोराच्या कमरेपर्यंत आले.
‘वाक. अजून. मारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू नको,
तो भलतंच दाखवते. बॉलकडे पाह्य.’

तीस तारखेला रात्री बारापर्यंत तो जागा होता.
पिवळ्यांकडून काहीच आलं नाही,
नको असंही नाही.

चार जुलैला त्याने काउंटरवर नवा गठ्ठा ठेवला.
चौदा पानं. लोगो निळा.
माझ्या मशिनीतून मात्र
पिवळं काय, निळं काय, राखाडीच निघतं.

‘सही नाही केली अजून,’ तो म्हणाला.
‘सातवं पान वाच आधी.’

सातव्या पानावर जेवणाचा भत्ता होता.
मी पुढे वाचत गेले.
नवव्यावर सापडलं.