चावी मीटरच्या डब्यात

उमरेड रोडच्या आतल्या ले-आऊटमध्ये
चौदा वर्षं मीटर वाचतोय मी.
घरं मला आकड्यांवरून ओळखू येतात,
माणसं नंतर.

बिनामंजुरीच्या त्या गल्लीत
प्रत्येक डब्यात मीटरच्या मागे एक चावी असायची.
खोब्रागडे सिस्टर मेयोत रात्रपाळीला,
त्यांची डब्यात.
निमजे नवराबायको दिवसभर दुकानात,
त्यांचीही. वर आतल्या पत्र्यावर खडूनं लिहिलेलं:
माठ सैपाकघरात आहे, पाणी पिऊन जा जी.
निघताना कडी नीट लावा, मांजर शिरते.

मी चोर असतो तर?
हे कोणी विचारलं नाही.
मलाही सुचलं नव्हतं,
पलीकडच्या स्कीममध्ये वॉचमननं
माझं कार्ड उलटंसुलटं करून पाहीपर्यंत.

गल्लीच्या तोंडाशी निंब होता.
कुणाच्या प्लॉटमध्ये बसत नव्हता
म्हणून सगळ्यांचा.
खाली दोन मोडक्या खुर्च्या, एक खाट,
सरगुंडे करत बसलेल्या बाया,
आणि तिथंच ठरायचं
पोट्ट्यांच्या फीला यंदा कोण किती घालणार,
सोनकुसऱ्यांच्या वडलांना डायलिसिसला कोण नेणार.
मी हे युनिटांत सांगू शकतो:
निमजे, मे महिना, एकशे चौदा.
कूलर रात्री दहानंतर.
दुपार निंबाच्या खात्यावर.

मग प्रन्यासचं पत्र आलं.
वीस वर्षं वाट पाहिलेलं आर.एल.
बुंदी वाटली, मलाही द्रोणभर.
घरं कायद्यात बसली
आणि रस्ता सिमेंटचा झाला,
या दारापासून त्या दारापर्यंत,
निंबाच्या गळ्यापर्यंत.

चूक कुणाची नव्हती.
गुडघाभर चिखलातून ज्यांनी म्हातारे खाटेवर वाहिले
त्यांनी सिमेंट का मागू नये?

दोन उन्हाळे गेले.
पहिल्यात पाला झडला,
दुसऱ्यात खुर्च्या आत गेल्या.
प्लॉटला भाव आला
आणि अर्ध्या फुटाच्या हद्दीवरून
निमजे-सोनकुसरे बोलेनासे झाले.
निमजे, मे महिना, तीनशे सहा.
डब्यात बोटं घातली,
पालीचं अंडं लागलं.

यंदा एप्रिलातल्या एका सकाळी
निंबाभोवतीचं सिमेंट फुटलेलं दिसलं.
चार हात गोल,
ढेपळं कडेला रचून ठेवलेली,
मध्ये काळी माती, पाणी पाजलेली.

साहेब आले, सरकारी रस्ता कोणी फोडला?
सिस्टर म्हणाल्या, मी ड्युटीवर होते.
निमजे म्हणाले, कूलरपुढे काही ऐकू येत नाही जी.
सोनकुसरे नुसतेच खोकले.
साहेब माझ्याकडे वळले.
निमजेंच्या अंगणात
सोनकुसऱ्यांची सब्बल टेकून उभी होती,
टोकाला पांढरी धूळ.
मी म्हणालो, मी फक्त मीटर वाचतो.

निंब पुरता परतला नाही.
एका फांदीला पाला आहे.
तेवढ्या सावलीत एक खुर्ची मावते,
दुसरी अर्धी उन्हात.
निमजे, मे महिना, दोनशे ऐंशी.

पुढच्या महिन्यापासून नवे मीटर लागणार,
ते आपलं आपणच वाचतील, ऑफिसला कळवतील.
गल्लीत यायचं मला कारण उरणार नाही.
शेवटच्या फेरीला निमजेंचा डबा उघडला,
आकडा घेतला,
सवयीनं बोटं मागे गेली.
चावी नव्हती.
पत्र्यावर नवा खडू:
चावी सोनकुसऱ्यांकडे.

माझ्या वहीत याला रकाना नाही.
ऊन टाळूत शिरत होतं.
मी वही काखेत मारली
आणि शेजारची कडी वाजवली.